अडतीस मिनिटं

“अडतीस मिनिटं” हे दोन शब्द कानावर पडले की ऋजुता भोईटेच्या उजव्या भुवईवरची शीर उडायला लागायची. गेल्या वर्षभरात ते तिनं किती जणांच्या तोंडून ऐकले असतील याची गणती नव्हती. शेजारीपाजारी, बँकेतला कारकून, रिक्षावाला. पर्थ ते म्हसवड, सात हजार शंभर किलोमीटर, फक्त अडतीस मिनिटं! फलटणच्या प्रत्येक चौकात तो फलक होता. त्यावरची बाई इतकी प्रसन्न हसत होती, की ती कधी त्या यानात बसलेली नाही हे लगेच कळावं.

आणि आता मंगळवारी सकाळी, हाडांच्या दवाखान्यात, आत्याचा रक्तदाब मोजता मोजता नर्सही म्हणाली, “भाऊ ऑस्ट्रेलियात ना तुमचे? पण आता काय हो, अडतीस मिनिटं!”

“ती फक्त हवेतली,” ऋजुता म्हणाली. “त्याच्या आधी पस्तीस मिनिटं, नंतर दीड तास झोपून काढायचे, मग पाऊण तास रस्ता...”

नर्स पुढच्या खाटेकडे गेली होती.

सुवर्णा आत्या मात्र ऐकत होती. तिच्या डाव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर होतं आणि कंबरेला मुका मार. वय अडुसष्ट. फलटणच्या एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून तिनं एकतीस वर्षं काढली होती. खिडकीमागं बसून गाड्यांच्या वेळा लिहायच्या आणि माइकवरून पुकारा करायचा. विराज आणि ऋजुता यांना आईवडिलांच्या मागं तिनंच वाढवलं. लग्न केलं नाही. “फलाट सोडून कुठं जाणार?” एवढंच म्हणायची.

“तू काल किती वाजता निघालीस?” आत्यानं विचारलं.

“फोन आला सात दहाला. पोचले दहा वीसला.”

“तीन तास दहा मिनिटं.” आत्यानं मान डोलावली. “कोयनानगरहून बरोबर आहे. उंब्रजला फाटकापाशी थांबली नाहीस म्हणजे.”

“आत्या, ते राहू दे. तू तीन तास जमिनीवर पडून होतीस. मला एकदा नीट सांग, त्या ‘सोबत’नं काय केलं?”

‘सोबत’ म्हणजे आत्याच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवरचं बशीएवढं पांढरं यंत्र. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी एका कंपनीनं काढलेलं. ते घरातले आवाज ऐकायचं, कोण आलं, कोण गेलं याची नोंद ठेवायचं. गरज पडली तर फक्त नाव घेऊन ‘ये’ म्हणायचं, की ते त्या माणसाला फोन लावणार. पडल्याचा आवाज आला, तर न सांगताही लावणार.

“विराज सोमवारी पावणेचारच्या सुमाराला गेला,” आत्या सांगू लागली. “मी स्टुलावर चढले, भाजणीचा डबा वर ठेवायला. पडले. उठताच येईना. तेवढ्यात ते बोललं, ‘काळजी करू नका. विराज येत आहेत.’ मला वाटलं, पोराची फेरी चुकली वाटतं. परत येतोय.”

“बरं, पुढं?”

“पुढं त्यानं विचारलं, रुग्णवाहिका हवी का? म्हटलं, कशाला? विराज येतोय ना.”

ऋजुतानं डोळे मिटले.

“मग मी पडून राहिले. दर थोड्या वेळानं ते सांगायचं, अमुक इतकी मिनिटं राहिली. चांगलं सांगत होतं गं. स्टँडवर आम्हाला असं यंत्र असतं तर लोकांनी शिव्या घातल्या नसत्या. मग मिनिटं संपली आणि ते गप्पच झालं. सातला पाच कमी असताना तांबोळी काकू डबा परत द्यायला आली, तिनं बघितलं.”

“विराज त्या वेळी पर्थमध्ये होता, आत्या.”

“ते नंतर कळलं.” आत्या खिडकीकडे बघू लागली. “पण ‘येतोय’ म्हणत होतं.”

*

विराजला फोन लागला तो दुपारी. तो तिथल्या खाणीच्या कंपनीत खडक फोडणाऱ्या यंत्रांचा इंजिनिअर. ऋजुतापेक्षा सहा वर्षांनी मोठा.

“मी शुक्रवारी येतो,” तो घाईनं म्हणाला. “आज येऊ शकत नाही, ऋजू. चार दिवस दुसरी झेप घेता येत नाही, तुला माहीतच आहे.”

“मग साध्या विमानानं ये. सिंगापूरवरून चौदा तास.”

“चौदा तास?” त्याला खरोखर धक्का बसला होता. “चौदा तास विमानात कोण बसतं आता?”

“म्हणजे चौदा तास वाचवायला तू चार दिवस थांबणार?”

“असं मांडलंस तर ते विचित्र वाटतं,” विराज म्हणाला.

“दादा, ते आहेच विचित्र! मी नुसती वजाबाकी केली!”

*

‘झेप’ म्हणजे विमान नव्हेच. विमान हवेवर तरंगतं. झेप म्हणजे जोरात फेकलेला दगड. यान पहिली काही मिनिटं इंजिनाच्या जोरावर वर जातं, हवेचा थर ओलांडतं, आणि मग इंजिन बंद. तिथून पुढं ते हजार-अकराशे किलोमीटर उंचीची कमान काढत पृथ्वीकडे पडत राहतं. पडणाऱ्या वस्तूत बसलेल्या माणसाला वजन नसतं. वीस-बावीस मिनिटं तो हवेत लटकलेल्या पिसासारखा असतो, आणि उतरताना, यान हवेत घुसून वेग कमी करतं तेव्हा, त्याचं वजन एकदम चौपट होतं.

हे सगळं हाडं-मांस सहन करतं. कान करत नाही. आपल्या कानाच्या आत, खोल, चुन्याचे अतिसूक्ष्म खडे असतात. डोकं कलतं तसे ते घरंगळतात आणि त्यावरून मेंदूला कळतं की वर कुठं आणि खाली कुठं. वजन शून्य आणि लगेच चौपट झालं की या खड्यांचा पार गोंधळ उडतो. उतरलेला माणूस जिना चढायला गेला तर भिंतीवर आपटतो. म्हणून प्रत्येक उड्डाणतळावर अंधाऱ्या खोल्यांची रांग असते. तिथं दीड तास उताणं पडून राहायचं, फोन बघायचा नाही, बोलायचं नाही. लोक याला ‘कान बसवणं’ म्हणतात. आणि खडे पुरते जागेवर येईपर्यंत, म्हणजे चार दिवस, दुसरी झेप नाही.

फलकावर यातलं काही नव्हतं. ते एक वेळ ठीक. जाहिरात ती जाहिरात. पण ‘सोबत’च्या यादीतही नव्हतं, आणि ऋजुताचा खरा संताप तिथं होता.

यादीत नातेवाइकांची नावं अंतरानुसार लागत. किलोमीटर नव्हे, प्रवासाचा प्रमाणित वेळ. जो सर्वांत लवकर पोचेल त्याला पहिली हाक. वर्षापूर्वीपर्यंत ऋजुता पहिली होती, तीन तास दहा मिनिटं. विराज एकोणीस तास. मग म्हसवडच्या माळावर उड्डाणतळ झाला आणि एका सकाळी कंपनीचं पत्र आलं. विराजचं घर ते पर्थचा तळ वीस मिनिटं, यानात चढणं पंधरा, झेप अडतीस, म्हसवड ते फलटण पंचेचाळीस. एकूण एक तास अठ्ठावन्न मिनिटं. अभिनंदन, आपले सर्वांत जवळचे नातेवाईक: विराज.

“आणि कान बसवायचे दीड तास?” ऋजुतानं लेखी विचारलं होतं. उत्तर आलं, तो प्रवास नसून विश्रांती आहे. “आणि चार दिवसांची बंदी?” उत्तर आलं, आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत. यादीतला क्रम बदलायचा एकच मार्ग होता. पहिल्या माणसानं स्वतः एक हाक नाकारायची. मग तो खाली जाणार आणि पुढचा वर येणार.

खरं तर वेळावरून अंतर काढणं हे ऋजुताचं पोटापाण्याचं काम. ती कोयनानगरच्या भूकंपमापन केंद्रात होती. भूकंपाच्या दोन लाटा निघतात, एक वेगवान, एक संथ. दोन्हींच्या येण्यामधल्या सेकंदांना साधारण आठनं गुणलं की भूकंप किती किलोमीटरवर झाला ते कळतं. पण ते केव्हा? लाट वाटेत कुठं दीड तास उताणी पडत नाही तेव्हा.

तिच्या आलेखावर झेपही उमटायची. यान उडालं की म्हसवडच्या दिशेनं एक बारीकसा कंप यायचा आणि तो भूकंप समजला जाऊ नये म्हणून ती त्याच्यापुढं पेन्सिलीनं काट मारायची. सोमवारी साडेपाचलाही तिनं मारली होती. ‘झेप. नोंद रद्द.’ मनात म्हणाली होती, दादा निघाला. मग चहा घेतला होता. त्या वेळी आत्याला फरशीवर पडून दीड तास झाला होता. हे गणित तिनं एकदाच केलं आणि नंतर पुन्हा केलं नाही.

*

शुक्रवारी विराज अडीच वाजता घरी आला. आत्याला आदल्या दिवशी घरी सोडलं होतं आणि ती पलंगावर उशांना टेकून बसली होती. त्याला बघून तिनं आधी गालावरून हात फिरवला आणि मग उशाखालून वही काढली. नोकरी सुटली तरी वही सुटली नव्हती. घरी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची ‘सुटली’ आणि ‘पोचली’ अशा दोन रकान्यांत ती नोंद करायची. माणसांनाही ‘सुटली’च लिहायची, सवयीनं.

“तिथून किती वाजता?”

“तिथल्या दोनला.”

“आणि म्हसवडला?”

“इथल्या बारा आठला.”

“सुटली चौदा शून्य शून्य, पोचली बारा शून्य आठ.” आत्यानं पेन्सिल खाली ठेवली. “निघायच्या आधीच पोचलास. अशी गाडी मी लावली असती तर माझी चौकशी बसली असती.”

विराज हसला. ऋजुता हसली नाही. तिच्या हातात कंपनीचं पत्र होतं.

“हे वाच. ‘सोमवार, पंधरा बेचाळीस. नातेवाईक विराज यांनी येण्याची हमी दिली. सबब, त्यांची प्रवासवेळ संपेपर्यंत इतरांना हाक देण्यात आली नाही.’ आणि वेळ संपल्यावर ते पुन्हा तुलाच फोन लावत बसलं. आधी तू यानात, मग तुझा फोन बंद, तू कान बसवत पडलेला.”

“मी कसली हमी दिली नाही.”

“इथं लिहिलंय.”

“अगं, मला फोनच आला नाही, तर हमी कुठून देऊ? पावणेचारला तर मी या घरात होतो!”

“म्हणजे यंत्र खोटं बोलतंय?”

“म्हणजे मी खोटं बोलतोय?”

“भांडा,” आत्या म्हणाली. “मी तोवर चहाचं काय ते बघते,” आणि एका हातानं पांघरूण बाजूला सारू लागली, तेव्हा दोघंही तिला धरायला धावले.

चहा विराजनं केला. कपात साखर ढवळता ढवळता, आवाज शक्य तितका सहज ठेवत तो म्हणाला, “पुण्यात एक चांगला निवास आहे. चोवीस तास डॉक्टर. मी चौकशी केलीय. एक तारखेपासून खोली मिळेल.”

आत्यानं कपावरून वर बघितलंच नाही.

“तिला जायचं नाहीये,” ऋजुता म्हणाली.

“मग काय करायचं? हे यंत्र असं वागणार, तू तीन तासांवर...”

“तू एक हाक नाकार. बास! पहिलं नाव माझं होईल. मला हाक आली की पहिल्या मिनिटाला मी तांबोळी काकूंना फोन करणार, दुसऱ्या मिनिटाला गाडी काढणार. तीन तास दहा मिनिटं लागतील, पण मी फोन बंद करून अंधारात झोपणार नाही!”

“नाकारू?” विराजनं कप खाली ठेवला. “मी आत्याला नाही म्हणू?”

“आत्याला नाही, यंत्राला!”

“आत्याच्या नावानं आलेला फोन आहे तो. त्याला ‘येऊ शकत नाही’ म्हणायचं म्हणजे...” तो थांबला. “नाही. ते मला जमणार नाही. मी सात हजार किलोमीटरवर असताना एवढं तरी होतं, की पहिलं नाव माझं आहे.”

“तेवढंच होतं, दादा.”

यावर तो गच्चीवर निघून गेला.

*

सोमवारी कंपनीच्या तक्रार विभागात जिवंत माणूस मिळवायला ऋजुताला पन्नास मिनिटं लागली. त्यात तीनदा फोन तुटला आणि दोनदा एका गोड आवाजानं तिला विचारलं, की तिची तक्रार ‘आनंदाबद्दल’ आहे का. शेवटी सांगलीहून एक बाई बोलल्या. सलमा बागवान. आवाजावरून तिच्याच वयाच्या.

“मॅडम, नोंद माझ्यासमोर आहे. विराज सरांनी स्पष्ट ‘येतो’ म्हटलेलं आहे.”

“फोनवर?”

“नाही... घरातच. स्वयंपाकघरातल्या माइकवर.”

“म्हणजे घरात उभं राहून तो घरी येण्याची हमी देत होता? तुम्हाला यात काही खटकत नाही?”

“खटकतंय खरं.” कीबोर्डचा आवाज. “ध्वनिफीत आहे. ऐकवू?”

खरखर झाली. मग पिशवीची चेन ओढल्याचा आवाज. चपला सरकल्या. आणि विराज म्हणाला, नेहमीच्या त्याच सुरात, अर्धा दाराबाहेर असताना म्हणायचा तसा: “येतो आत्या.” लांबून आत्याचा आवाज: “ये. नीट जा.”

दार लागलं. फीत संपली.

“अल्ला,” सलमा हळूच म्हणाली. “मॅडम, हे तर...”

“हो.”

“निघताना म्हणतात तसं ‘येतो’.”

“हो!”

“आमच्याकडंही तसंच. माझी आई तर ‘जाते’ म्हटलं की परत आत बोलावते, पाणी पाजते आणि मग सोडते.”

“मग तुमच्या यंत्राला हे कुणी शिकवलं नाही?” ऋजुताचा आवाज आपोआप चढला. “अख्खा महाराष्ट्र दारात उभा राहून ‘येतो’ म्हणतो आणि निघून जातो! आणि तुम्ही त्याला हमी समजता?”

“शिकवणारे मराठी नव्हते, मॅडम. त्यांच्या कोशात ‘येणे’ म्हणजे येणेच आहे.” सलमा भराभर काहीतरी चाळत होती. “आणि ऐका ना, हे पहिल्यांदा नाही झालेलं. सरांचे याआधीचे चौदा ‘येतो’ आहेत इथं. पाच वर्षांतले, म्हसवडचा तळ व्हायच्या आधीचे. तळ झाल्यापासून सरांची ही पहिलीच खेप. सगळ्यांपुढं शेरा आहे, ‘अवैध, प्रवासवेळ एकोणीस तास’. दोन तासांच्या आत पोचू शकणाऱ्याचंच ‘येतो’ आम्ही धरतो.”

ऋजुता खुर्चीत मागं टेकली. चौदा वेळा विराज तसंच म्हणाला होता आणि चौदा वेळा यंत्रानं शांतपणे ते सोडून दिलं होतं. आत्यानं सोडून द्यावं तसंच. एकोणीस तासांवरच्या माणसाचं ‘येतो’ म्हणजे नुसती रीत. अंतर एवढं, की शब्द खरा करून दाखव असं कुणी म्हणणार नाही. एक तास अठ्ठावन्न मिनिटं झाल्यावर मात्र तो शब्द पहिल्यांदा खरा होऊ शकत होता. यंत्रानं तो खरा मानला. आणि फरशीवर पडलेल्या आत्यानंही.

“दुरुस्ती?” तिनं विचारलं.

“सहा आठवडे. वरून मंजुरी लागते. तोवर एक उपाय आहे, पण...” सलमा अडखळली. “सरांना निघताना ‘जातो’ म्हणायला सांगा.”

“काय?”

“माहितीय मला, कसं वाटतं ते.”

“‘निघतो’ म्हटलं तर?”

“ते आणखी वाईट. त्याचा अर्थ इकडं यायला निघाले. तेव्हापासून घड्याळ सुरू.”

“काहीच नाही म्हटलं तर?”

“मग ते अजून घरातच आहेत असं धरलं जातं. कुणालाच हाक नाही.”

“यंत्र बंद करून ठेवलं तर?”

“पोलिसांना फोन जातो, मॅडम.”

ऋजुतानं कपाळ टेबलावर टेकवलं. चांगलं थंड होतं.

*

विराजची माफी मागणं तिला जड गेलं, पण मागितली. त्यानं ध्वनिफीत तीनदा ऐकली. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर फोन पालथा ठेवला.

“खरंच, असंच म्हणतो मी,” तो शेवटी म्हणाला. “आणि ती तीन तास...”

मंगळवारी दुपारी साडेतीनला तो निघाला. साडेपाचची झेप होती. पिशवी खांद्याला, एक चप्पल पायात, एक बाहेर. आत्या दाराजवळच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर वही. ऋजुता तिच्या मागं, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, भिंतीवरच्या पांढऱ्या बशीवर नजर ठेवून.

“आठवतंय ना काय म्हणायचं?” ऋजुतानं विचारलं.

“आठवतंय.”

“मग म्हण.”

“म्हणतोय ना.” त्यानं दुसरी चप्पल चढवली. आत्याच्या पाया पडला. उभा राहिला. तोंड उघडलं, मिटलं. “आत्या, जा...”

“एकतीस वर्षं माइकवर बोलले,” आत्या वहीकडे बघत म्हणाली. “दिवसाला दोनशे गाड्या. प्रत्येक गाडी ‘सुटत आहे’ म्हणाले. ‘जात आहे’ एकदाही म्हणाले नाही. ड्रायव्हरला आवडायचं नाही.”

“आत्या, तू आता असं म्हणालीस तर तो कसा म्हणणार?” ऋजुता कळवळून म्हणाली. “दादा, एक शब्द आहे. दोन अक्षरं. तू इंजिनिअर आहेस!”

“त्याचा काय संबंध?”

“म्हण!”

“जातो,” विराज म्हणाला.

त्याच्या तोंडून तो शब्द असा बाहेर पडला, जसा काही हातातून कप पडावा. तिघंही दचकले. भिंतीवरून यंत्र समाधानानं म्हणालं, “विराज गेले. नोंद झाली.”

ते ‘गेले’ ऐकून आत्याचा चेहराच बदलला. वही मांडीवरून घसरली, उजवा हात पुढं आला, आणि विचार करायच्या आधीच, आयुष्यभराच्या सवयीनं, ती म्हणाली, “असं काय रे बोलतोस! ये रे, विराज.”

“आत्या, नको...” ऋजुता ओरडली, पण उशीर झाला होता.

“विराज यांना हाक देत आहे,” यंत्र म्हणालं.

दारात उभ्या असलेल्या विराजचा खिसा वाजायला लागला.

त्यानं फोन काढला. पडद्यावर आत्याचा फोटो, स्टँडच्या खिडकीतला, हातात माइक. खाली दोन चौकटी: ‘येतो’ आणि ‘येऊ शकत नाही’. फोन वाजत राहिला. आत्या तीन फुटांवर बसली होती. ऋजुताचं गेल्या चार दिवसांत जे जे बोलायचं ते बोलून झालं होतं.

विराजचा अंगठा आधी पहिल्या चौकटीवर गेला. सवयच ती. तिथं तो थांबला.

“आत्या,” तो म्हणाला, “समजा आज संध्याकाळी हा फोन आला असता, तर मी काय दाबलं असतं, माहितीय? ‘येतो’च. आणि मग चार दिवसांनी आलो असतो.”

“ठाऊक आहे मला, लेकरा.”

“तुला ठाऊक होतं?”

“फलाटावर बसलेल्याला कुठली गाडी वेळेत येते आणि कुठली नाही, ते ठाऊक असतं. त्या दिवशीच तेवढं खरं वाटलं. ते मिनिटं मोजत होतं ना.”

विराजनं दुसरी चौकट दाबली.

“विराज येऊ शकत नाहीत,” यंत्र खणखणीत आवाजात म्हणालं, जणू सगळ्या गल्लीला कळावं. “यादीतला क्रम बदलला आहे. ऋजुता यांना हाक देत आहे.”

ऋजुताच्या हातातला फोन वाजला. तिनं तो कानाला लावला आणि, कुणी हाक मारली की तोंडातून जे निघतं तेच निघालं:

“आलेच.”

“ऋजुता पोचल्या,” यंत्र म्हणालं. “लागलेला वेळ, शून्य मिनिटं.”

“शून्य कसं?” आत्या एकदम चिडली. वाकून, धडपडत, तिनं एका हातानं वही उचलली. “काहीही लिहितं मेलं. कोयनानगरहून तीन तास दहा मिनिटं लागतात.” आणि ‘पोचली’च्या रकान्यात तिनं ते तसं लिहिलं, दोनदा गिरवून. मग विराजकडे वळली. डोळे भरलेले होते, पण आवाज स्टँडवरचा होता. “आता सूट. पाच वाजता फाटक बंद करतात ना तुझं?”

साडेपाचला कपाटातली झाकणं किणकिणली. आत्यानं घड्याळाकडे बघितलं. ‘सुटली’ भरलं, आणि ‘पोचली’ रिकामं ठेवलं.

“सहा आठला पोचेल,” ऋजुता म्हणाली.

“कान बसल्याशिवाय पोचला म्हणायचं नाही,” आत्या म्हणाली. पावणेआठला विराजचा फोन आला तेव्हा तिनं पावणेआठ लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ऋजुतानं तांबोळी काकूंना घराची किल्ली दिली, आत्याच्या गोळ्या दिवसावार लावल्या, भाजणीचा डबा खालच्या फळीवर ठेवला आणि स्टूल उचलून गाडीच्या मागं टाकलं. मग दारात येऊन थांबली.

तिच्या डोक्यात गणित लगेच झालं. तीन तास दहा मिनिटं. दोन तासांच्या बाहेर. तिनं काहीही म्हटलं तरी यंत्राच्या लेखी ते अवैध. ती तेवढी लांब राहत होती, म्हणून तिला तो शब्द अजून वापरता येत होता.

“येते, आत्या,” ती म्हणाली.

यंत्र गप्प राहिलं.

“ये,” आत्या म्हणाली.

“कुणाला हाक द्यायची आहे?” यंत्रानं तत्परतेनं विचारलं. “कृपया नाव सांगा.”

“तू गप्प बस,” आत्या म्हणाली, आणि ‘सुटली’च्या रकान्यात नऊ वाजून दोन मिनिटं लिहिली.